घरचा रायवळ आंबा, कुजणारा गुलाब आणि कोलमडणारा तरवा

खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) जांबोटीकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मूळ मजकूर लांब आहे, थोडक्यात सांगतो. घरामागं आजेसासऱ्यांनी लावलेला रायवळ, म्हणजे कोयीतून वाढलेला गावठी, आंबा आहे, रसाला एक नंबर, पण झाड थकलंय. त्याची कोय लावली तर तसाच आंबा मिळेल का? पेरूला गेल्या जुलैत गुटी बांधली (फांदीची साल गोल काढून तिथं ओलं शेवाळ बांधायचं, म्हणजे झाडावरच मुळ्या फुटतात), दोन महिन्यांनी सोडून बघितली तर मुळी नाही. जास्वंदीची काडी कुठंही खोचली तरी येते, गुलाबाची बुडातून काळी पडून जाते. मिरची-टोमॅटोचा तरवा, म्हणजे वाफ्यातली लहान रोपं, चार पानांवर आला की कोलमडतो. शिवाय एकरभर माळ मोकळा आहे, तिथं काजू, कोकम आणि मिरी लावायचा विचार आहे. रोपं घरीच करता येतील का, की विकतच आणावीत?

ताई, गुटी, छाट, पाचर या पद्धती तुम्हाला ठाऊक आहेत आणि हातही बरा चालतो असं लिहिण्यावरून वाटतं. घोटाळा काडीत आहे. कुठल्या फांदीची, किती वयाची, कुठल्या महिन्यात घेतलेली काडी, यावर निम्म्याहून जास्त यश ठरतं आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. बेळगाव तालुक्यात रताळी लावणाऱ्या बायकांना बघा. वेलाचा शेंड्याकडचा भाग त्या वेगळा काढतात, वीतभराहून जरा मोठे, चार-पाच पेरांचे तुकडे करतात, मधली पेरं सरीच्या वरंब्यात दाबतात आणि बुडाकडचा जुना, जाड वेल जनावरांपुढं टाकतात. शेंड्याचा वेल लवकर मुळ्या धरतो, जुना नुसताच पडून राहतो. हीच नजर आंब्याला आणि गुलाबाला लावायची आहे. तरव्याचं दुखणं वेगळं, ते शेवटी बघू.

आधी आंबा, कारण तो गेला तर परत मिळणार नाही.

कोयीतून तसाच आंबा येईल याची खात्री देता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि त्यात कुठल्या तरी दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो. पश्चिम किनारपट्टीवर काही आंबे बहुगर्भी आहेत. त्यांच्या एका कोयीतून दोन-तीन-चार कोंब निघतात, आणि त्यातले बहुतेक आईच्याच पेशींतून आलेले म्हणून आईसारखे निघतात. तुमचा आंबा त्यातला आहे का हे कळायला पैसे लागत नाहीत. यंदा खाल्लेल्या वीस-पंचवीस कोयी वाफ्यात लावून बघा. बऱ्याच कोयींतून एकापेक्षा जास्त कोंब आले तर तुम्ही नशीबवान. तरी मी असतो तर तेवढ्यावर विसंबलो नसतो, कलम केलंच असतं. कोयीच्या झाडाला फळाला सहा-सात वर्षं सहज लागतात, कधी जास्तच. कलमाची काडी मात्र फळ दिलेल्या झाडाची असल्यानं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर दाखवतं. तो मोहोर खुडून टाकायचा, झाडाला आधी अंग धरू द्यायचं. जीव होत नाही, पण खुडायचाच.

तुमच्यासाठी कोय कलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या कोंबावर काडी बसवणं, सर्वांत सोपं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ही पद्धत कोकणात रुजवली आणि आता घाटमाथ्यावरच्या नर्सऱ्याही तीच वापरतात. कारण साधं आहे: जून ते ऑगस्ट हवेत जी ओल लागते, ती जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात फुकट मिळते. हेच कलम कोरड्या अथणीत करायचं म्हटलं तर शेडनेट आणि फवाऱ्याशिवाय काडी सुकून जाते.

खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी बसवायची त्या खालच्या रोपासाठी, कुठल्याही रायवळ आंब्याची कोय चालते. खाल्ल्यावर धुऊन सावलीत ठेवायची आणि महिन्याच्या आत लावायची. माळ्यावर टाकून विसरलात तर वाळून मेली म्हणून समजा. वाळू-मातीच्या वाफ्यावर कोयी जवळजवळ मांडून दोन बोटं माती टाकली की दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात. हा कोंब नीट बघा. तो तांबूस असतो, पानं मऊ, लोंबती आणि देठ नखानं सहज चिरेल असा. कलम करायचे दिवस हेच. पानं हिरवी होऊन ताठ झाली की कोय कलमाची वेळ गेली. ते रोप पिशवीत लावून ठेवायचं, पुढं त्यावर मृदुकाष्ठ कलम, म्हणजे वाढलेल्या रोपाच्या कोवळ्या लाकडावर काडी बसवायचं कलम, करता येतं.

आता काडी. झाडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं ऊन लागतं तिथली, यंदा मोहोर न आलेली फांदी शोधायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटलेली पालवी जूनपर्यंत तीन-चार महिन्यांची होते. तिची पानं गडद हिरवी, साल हिरवट करडी, जाडी खुंटाच्या कोंबाएवढी किंवा थोडी जास्त. शेंड्याचा डोळा टपोरा झालेला हवा, पण फुटलेला नको. काडी तोडायच्या आधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पानं कापायची, देठ मात्र ठेवायचे. ते देठ वाळून बोट लावताच गळायला लागले की काडी तयार. या आठ दिवसांत डोळ्यांत अन्नरस चढतो आणि कलमावर ते पटकन फुटतात. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कलम लागलं नाही म्हणून खुंटाला दोष देतात.

म्हाताऱ्या झाडाला अशी काडी मिळत नाही, सगळा शेंडा बारीक आणि खुरटा असतो. तुमचं झाड तसं असेल तर यंदा आंबे उतरल्यावर उन्हाच्या बाजूच्या दोन-तीन फांद्या मागं छाटा. तिथून जोमदार फूट येईल आणि पुढच्या हंगामाला काड्या मिळतील. सगळं झाड मात्र एका वर्षात छाटू नका.

कलमाचा दिवस शक्यतो ढगाळ बघा. कोंब कोयीसकट अलगद उपटायचा, मुळं न तोडता माती धुवायची आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला १ ग्रॅम, बुचकळून काढायचा. कोयीच्या वर चार बोटं ठेवून शेंडा उडवायचा आणि मधोमध ४ ते ५ सेंटीमीटर उभी चीर द्यायची. वीतभर काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा तिरपा काप देऊन पाचर करायची. काप एका ओढीत झाला पाहिजे. पातं मागंपुढं फिरवलं की काप खडबडीत होतो आणि मध्ये पोकळी राहते. पाचर चिरेत बसवल्यावर निदान एका बाजूची साल सालीला जुळवायची. खुंट आणि काडी एकमेकांत मिसळतात ते सालीच्या लगत आतल्या पातळ थरातून, मधल्या लाकडातून नाही. काडी जाड आणि खुंट बारीक असेल तर मध्यभाग सोडून एक कड जुळवा, चालेल. मग प्लास्टिकच्या पट्टीनं खालून वर घट्ट गुंडाळायचं, कोय मातीआड जाईल इतपत पिशवीत लावायचं आणि काडीवर पेप्सीकोल्याच्या लांबट पिशवीची टोपी चढवायची. तीन-चार आठवड्यांत डोळे हिरवे होतात. पानं उलगडायला लागली की संध्याकाळच्या वेळी टोपी काढायची. पिशव्यांवर प्लास्टिकचं छप्पर हवं. हवेत ओल पाहिजे, पण जांबोटीची झड थेट पिशवीत पडली तर कोय कुजते.

कलम लागल्यावर जोडाच्या खालून फुटवा आला तर दिसेल तेव्हा खुडा. ‘कलमाला बिनकामाचा आंबा लागला’ या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं. वरची काडी मेलेली, खालचा खुंट वाढलेला आणि मालकाला पत्ताच नाही.

फणसाचंही कोयीसारखंच. आठळी ताजी असतानाच रुजते, आणि काप्याच्या (घट्ट गऱ्यांच्या फणसाच्या) आठळीतून कापाच निघेल असं नाही. चांगला कापा असेल तर मृदुकाष्ठ कलमच करा.

आता पेरूची गुटी. तुम्ही लिहिलंय की सोडल्यावर फांदी जिवंत होती, पानं हिरवी होती, सालीच्या जागी ‘नवीन साल आल्यासारखं’ दिसत होतं. यात उत्तर आलं. साल काढल्यावर लाकडावर जो हिरवट, बुळबुळीत थर राहतो तो खरवडला नाही, तर तो दोन्हीकडून वाढून पूल बांधतो, पानांनी केलेलं अन्न पूर्वीसारखं खाली जातं आणि फांदीला मुळी फोडायचं कारणच उरत नाही. गोल साल काढून झाल्यावर चाकूच्या पाठीनं खरवडून लाकूड पांढरं आणि कोरडं करायचं, बोट फिरवलं तर निसटायला नको. साल ३ सेंटीमीटर तरी काढा.

पेरूत फांदी ओळखणं सोपं आहे. कोवळी फांदी चौकोनी असते, चिमटीत धरली की कडा जाणवतात. ती गोल होऊन हिरव्याची करडी व्हायला लागली, जाडी पेन्सिलीएवढी झाली, की गुटीला योग्य. चौकोनी फांदी कुजते, तपकिरी जाड फांदी मुळ्या उशिरा सोडते. वरच्या कडेला मुळ्या फोडणारी पावडर, म्हणजे आयबीए, लावली तर फायदा होतो, पण न खरवडलेल्या फांदीवर ती लावून काही होत नाही. शेवाळ रात्रभर भिजवून घट्ट पिळायचं. मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. वर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकं आवळून, वरचं टोक जास्तच. वेळेचं म्हणाल तर पुस्तकात जून ते ऑगस्ट लिहिलेलं असतं. तुमच्याकडं जुलैच्या झडीत फांदीवरून ओघळणारं पाणी आत शिरतंच, म्हणून ऑगस्टच्या उत्तरार्धात पाऊस मोकळा झाल्यावर बांधा. बेळगाव शहराच्या पूर्वेला, बैलहोंगल-गोकाककडं, जूनअखेर बांधलेली बरी.

प्लास्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसल्या की लगेच कापायची घाई नको. त्या जरा तपकिरी होऊन त्यांना बारीक फाटे फुटू द्या. मग गुटीखाली फांदीला अर्धी खाच, आठ दिवसांनी पूर्ण काप, निम्मी पानं काढून पिशवीत आणि महिनाभर सावली. गुटीला सोटमूळ नसतं, त्यामुळं वाऱ्याच्या माळावर पहिली दोन वर्षं काठीचा आधार द्यावा लागतो.

कोकमात मात्र घरी बियांपासून रोपं करू नका. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांची रोपं निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला पहिल्या फुलोऱ्यापर्यंत सहा-सात वर्षं वाट बघावी लागते. तोपर्यंत खत-पाणी नराला घातलेलं असतं. भरपूर धरणाऱ्या मादी झाडाचं मृदुकाष्ठ कलम घ्या. इथंही काडीची खोच आहेच. कोकमाच्या सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी घेतली तर झाड उभं वाढतं. आडव्या फांदीची घेतली तर कलम लागतं, फळंही येतात, पण झाड जन्मभर जमिनीलगत पसरत राहतं. विकत घेताना रोप आडवं लोळतंय का ते बघूनच घ्या. सगळी मादी लावून भागत नाही, परागासाठी एखाद-दुसरं नर झाड आसपास लागतं. तुमच्या भागात रानात ती असतातच.

मिरीत हाच नियम उलटासुलटा वापरता येतो. वेलाच्या बुडातून जमिनीलगत धावणारे जे फाटे निघतात त्यांची रोपं झाडावर चढतात. पावसाळ्यानंतर हे फाटे मातीत मुळ्या धरू नयेत म्हणून गुंडाळून काठीला बांधून ठेवायचे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन-तीन पेरांचे तुकडे करून सावलीत पिशवीत लावायचे. शेंड्याचा कोवळा भाग आणि बुडाचा निबर भाग टाकून द्यायचा. मिरी धरणाऱ्या आडव्या फांदीचा तुकडा लावलात तर तो चढतच नाही, त्याची कुंडीत ठेवण्यासारखी झुडपी मिरी होते. अंगणाला छान, माळाला निरुपयोगी.

काजू घरी जमेल. बी पाण्यात टाकून बुडणारंच घ्या, दिवसभर भिजवा आणि देठाची बाजू वर ठेवून थेट पिशवीत लावा. वाफ्यात लावून उपटू नका, सोटमूळ दुखावतं. दीड-दोन महिन्यांच्या रोपावर, खालची दोन-तीन पानं ठेवून, आंब्यासारखंच पाचर मारून मृदुकाष्ठ कलम होतं आणि काडीची पानं आधी कापायचा नियमही तोच. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती खानापूर-चंदगडकडं भरपूर लागल्यात, ओळखीच्या बागेत काडी मिळेल. पण पहिल्याच वर्षी एकराची सगळी कलमं घरी करायचा हट्ट नको. निम्मी तोटगारिके (सरकारी बागायत) खात्याच्या किंवा नोंदणी असलेल्या नर्सरीतून घ्या. गोकाकजवळ अरभावीला बागायती महाविद्यालय आहे, बागलकोटच्या विद्यापीठाचं, तिथंही चौकशी करता येईल.

कागदी लिंबू तुम्ही विचारलेलं नाही, पण लावणार असाल तर कलमासाठी जादा पैसे देऊ नका. लिंबाचं बी बहुगर्भी असतं आणि बियांची रोपं बहुतांशी आईसारखीच येतात. पिकल्या लिंबाचं बी धुऊन लगेच लावा. पानांवर खैऱ्या रोगाचे खरखरीत डाग असलेलं रोप फुकट दिलं तरी घरात आणू नका. डाळिंबाचंही तसंच आहे. अथणीकडच्या बागांत तेल्या रोग बऱ्याचदा रोपांबरोबरच येतो, म्हणून तिकडच्या वाचकांनी आजारी बागेतली गुटी घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

गुलाबाच्या काड्या तुम्ही जूनमध्ये लावल्या असणार, सगळेच लावतात. जास्वंद, क्रोटन, बोगनवेल पावसात येतात म्हणून गुलाबही येईल असं वाटतं. आपल्याकडच्या पावसात गुलाबाचं बूड कुजतं. नोव्हेंबर ते जानेवारी, थंडीत लावा. फूल येऊन गेलेल्या फांदीचा मधला भाग, काटा बाजूला दाबला की तट्‌कन सुटतो असा, वीतभर लांब. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली, वरचा डोळ्याच्या वर तिरपा. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, शेणखत अजिबात नको. मुळ्या फुटेपर्यंत काडीला खत लागत नाही, खतानं बुरशी तेवढी येते. गावठी गुलाबी गुलाब असा सहज येतो. बाजारातले मोठ्या फुलांचे गुलाब काडीवर आले तरी मुळानं अशक्त राहतात. त्यांना गावठी गुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेलाच (सालीखाली बसवलेलाच) बरा आणि तोही थंडीतच, साल सहज सुटत असेल तेव्हा. मोगऱ्याला कापाकापीच नको. जमिनीलगतची फांदी वाकवून, पेराशी थोडी चीर देऊन, मातीत दाबून वर दगड ठेवला की पावसाळ्यात मुळ्या धरते. शेवंतीचे बुडाचे फुटवे वेगळे काढा. डेलियाचा कंद तोडताना प्रत्येक तुकड्याबरोबर देठाकडचा डोळा आला पाहिजे, नुसता कंद फुटत नाही.

राहिला तरवा. रोप मातीलगत बारीक होऊन आडवं पडतं, वर पानं हिरवीच असतात, हे मर रोगाचं लक्षण. मातीतली बुरशी, दाटी आणि साचलेलं पाणी अशी तिघांची युती. तुम्ही बी फोकून टाकता आणि संध्याकाळी पाणी घालता असं लिहिलंय. दोन्ही बंद करा. वाफा मीटरभर रुंद आणि वीतभर उंच हवा. बी चार-चार बोटांवर रेघा ओढून विरळ टाकायचं, आधी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळून. वर भाताचं काड पसरायचं आणि कोंब दिसताच काढायचं. पाणी सकाळी, झारीनं. तरीही एखाद्या कोपऱ्यात रोपं पडायला लागली तर तेवढ्या भागात कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम करून ओता. पूर्ण वाफ्यावर फवारत बसू नका, रोग मुळाशी आहे.

निपाणीकडं तंबाखूचा तरवा टाकायच्या आधी वाफ्यावर राब भाजायची, म्हणजे पालापाचोळा-फांद्या जाळायची, जुनी रीत आहे, आपल्या खानापुरात भाताच्या तरव्यालाही ती होती. त्यामागं अर्थ होता. वरच्या मातीतलं तणाचं बी आणि बुरशी भाजून निघायची. आता एवढं जळण कोण आणणार, आणि जाळावं तरी का? तेच काम उन्हाकडून करून घेता येतं. वाफा तयार करून भरपूर भिजवायचा, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरायचं, कडा मातीनं बुजवायच्या आणि चार-सहा आठवडे हात लावायचा नाही. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर वाफा खोल खणू नका, नाहीतर खालची बुरशी वर येते. टोमॅटो २५ ते ३० दिवसांत, मिरची ४० ते ४५ दिवसांत लागणीला येते. त्याआधी आठवडाभर पाणी कमी करून रोप काटक करून घ्यायचं.

तुमचा प्रश्न मेच्या पहिल्या आठवड्यातला आहे, म्हणजे मिरगाला अजून महिना आहे. प्लास्टिक आजच अंथरा, आणि आंब्याच्या काड्या हेरून त्यांना सुतळी बांधून ठेवा.